गाभारा : शब्दाचा अर्थ आणि दर्शनाचे मर्म

देवदर्शनासाठी दूरवरून आलेला भाविक रांगेत तासन्‌तास उभा राहतो. पायांना कळ लागते, कडेवरचे मूल पेंगुळते, हातातील फुले कोमेजू लागतात. अखेर उंबऱ्याशी पोहोचल्यावर देवाचे मुख डोळ्यांत साठवायला जेमतेम काही क्षण मिळतात. म्हणूनच महाराष्ट्रातील अनेक देवस्थानांच्या कार्यालयांत एक प्रश्न नित्य विचारला जातो : "गाभाऱ्यात जाता येईल का?" प्रश्न साधा आहे, श्रद्धेतून आलेला आहे. परंतु देवाशी जवळीक पावलांनी मोजता येते, अशी एक समजूत त्यात नकळत दडलेली असते. ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार करावयाचा तर प्रथम 'गाभारा' या शब्दाकडेच वळावे लागते. या प्रश्नाचे पुष्कळसे उत्तर त्या शब्दाच्या पोटातच आहे.

शब्दाची जन्मकथा

'गाभारा' हा शब्द संस्कृतातील 'गर्भागार' या शब्दापासून आला. 'सर्प'चा 'साप' झाला, 'कर्म'चे 'काम' झाले, 'चर्म'चे 'चाम' झाले; त्याच नियमाने 'गर्भ'चे प्राकृतात 'गब्भ' आणि मराठीत 'गाभ' झाले. केळीच्या सोपटांच्या आत असतो तो गाभा. वासराला पोटात वाढविणारी गाय ती गाभण. पिकू लागलेली, आतून मऊ होत चाललेली चिंच ती गाभुळलेली. या सर्व शब्दांत एकच कल्पना आहे : बाहेरून न दिसणारे, आत जपले गेलेले, वाढीला लागलेले काही तरी. 'आगार' म्हणजे घर किंवा साठवणीची जागा. मिठागर या शब्दात आणि एस.टी.च्या आगारातही तोच शब्द आजवर टिकून आहे.

'गर्भ' या शब्दाचा संबंध 'गृभ्', म्हणजे धरणे, धारण करणे, या वैदिक धातूशी जोडण्याची परंपरा जुनी असून यास्काचार्यांच्या निरुक्तातही ती आढळते. गर्भ म्हणजे जे धारण केले जाते ते आणि जेथे धारण केले जाते ते स्थानही. देहातील अवयवाला आणि देवळातील खोलीला अशा रीतीने एकच नाव प्राप्त झाले.

हा शब्द प्रथमपासून केवळ देवळापुरता नव्हता. अमरकोशात 'गर्भागार' या शब्दाचा अर्थ वासगृह, म्हणजे घरातील आतली, राहण्या-निजण्याची खोली असा दिला आहे आणि त्याला लागूनच सूतिकागृहाचा, म्हणजे बाळंतिणीच्या खोलीचा उल्लेख येतो. जुन्या वाड्यांमधील माजघरालगतची ती अंधारी, ऊबदार, वारा न लागणारी खोली ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे साहचर्य समजावून सांगावे लागणार नाही. समईचा मंद उजेड, शेगडीची ऊब, आत येणाऱ्याचा हलका झालेला आवाज आणि मध्यभागी नुकताच जगात आलेला जीव. देवळाच्या गाभाऱ्याचे वातावरण याहून फार निराळे नसते.

देवालय हा देह

मंदिराच्या अनेक अंगांना शरीराच्या अवयवांची नावे द्यावीत, ही आपल्या शिल्पशास्त्राची एक धारणा होय. अग्निपुराणात प्रासादाला देह कल्पून त्याची अंगे सांगितली आहेत : शुकनास हे त्याचे नाक, द्वार हे मुख, चुन्याचा गिलावा ही त्वचा आणि आतील प्रतिमा हा त्याचा जीव. ओडिशातील स्थपतींच्या परिभाषेत शिखराच्या धडाला 'गंडी', त्यावरील मानेला 'बेकी' आणि आमलकावरील भागाला 'खपुरी', म्हणजे कवटी, म्हणतात. कला-इतिहासाच्या विदुषी स्टेला क्रॅमरिश यांनी १९४६ साली कलकत्ता विद्यापीठातर्फे प्रसिद्ध झालेल्या आपल्या द्विखंडी ग्रंथात हिंदू मंदिरामागील हा विचार जगापुढे सविस्तर मांडला.

महाराष्ट्रातील दगडी देवळांतही ही देहरचना स्पष्ट दिसते. सिन्नरच्या गोंदेश्वराला प्रदक्षिणा घालताना खाली पीठ, त्यावर मूर्तींनी नटलेली उभी भिंत आणि त्यावर शिखर हे टप्पे सहज ओळखता येतात. त्या उभ्या भिंतीला 'जंघा' असे नाव आहे. संस्कृतात जंघा म्हणजे घोटा आणि गुडघा यांमधील पायाचा भाग. मराठीत 'जांघ' मात्र मांडीच्याही वर जाऊन पोहोचली. शब्दही देहात असे फिरत असतात. जंघेच्या वर स्कंध, ग्रीवा, आमलसारक आणि सर्वांत वर कलश अशी चढण असते.

यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जंघा, स्कंध, ग्रीवा, शुकनास ही सर्व बाहेरून दिसणाऱ्या अंगांची नावे होत. त्यांवर शिल्पकाराने आपले सारे कौशल्य ओतलेले असते. आतल्या खोलीला मात्र जे नाव मिळाले ते न दिसणाऱ्या अंगाचे. ज्या ठिकाणी प्रत्यक्ष देव, त्या ठिकाणी सामान्यतः भिंती साध्या, जागा लहान, खिडकी नाही आणि उजेड केवळ नंदादीपाचा. सभामंडपातून अंतराळात, अंतराळातून गाभाऱ्यात जाताना प्रकाश पायरीपायरीने कमी होत जातो. अंबरनाथच्या शिवमंदिरात, जेथील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा आहे, भाविकाला गाभाऱ्याकडे जाण्यासाठी चक्क पायऱ्या उतराव्या लागतात. बाहेर आकाशाकडे चढणारे शिखर आणि आत भूमीच्या पोटात उतरणारी वाट, असा हा योग आहे.

या अंधारामागे रचनेचे कारणही आहे. शिखराचा प्रचंड भार पेलण्यासाठी गाभाऱ्याच्या भिंती जाड ठेवाव्या लागतात आणि त्यांना मोठी भोके पाडणे धोक्याचे असते. तथापि केवळ एवढ्याने त्याचे नाव उलगडत नाही. मयमतासारख्या दाक्षिणात्य वास्तुग्रंथांत 'गर्भविन्यास' नावाचा विधी सांगितला आहे. मंदिर उभारताना धान्ये, धातू, रत्ने, वनस्पती आणि निरनिराळ्या ठिकाणची माती एका पेटीत घालून ती पेटी रात्रीच्या वेळी वास्तूच्या पोटात ठेवली जाते. त्यानंतर ती पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. बीज पेरल्याप्रमाणे ते झाकले जाते आणि त्यावर देवालय वाढते.

गर्भाचे धर्म आणि माणसाचे आचरण

शब्दाचा अर्थ एकदा ध्यानात आला की त्यासोबत काही कर्तव्येही येतात. एखाद्या स्थानाला 'गर्भ' म्हणावयाचे आणि गर्भाचे धर्म मात्र मानावयाचे नाहीत, हे सुसंगत ठरत नाही.

गर्भाचा पहिला धर्म असा की, तेथे कोणालाही पदवी नसते. राजाचे मूल आणि मोलकरणीचे मूल मातेच्या उदरात सारख्याच अंधारात, सारख्याच काळजीने वाढते. या कसोटीवर आपला इतिहास पाहिला तर मान खाली घालावी लागते. ज्या चोखोबांची भक्ती सर्व संतमेळ्याने वंदिली, त्यांना हयातीत देवळाच्या आत स्थान मिळाले नाही. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारापाशी, बाहेरच आहे. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला सत्याग्रह पुढे काही वर्षे चालला, तरी द्वार उघडले नाही. पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले, तेव्हा कोठे ते दार उघडले. पुढे १९५६ च्या कायद्याने हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानांत कोणत्याही वर्गाला वा गटाला प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरला. जे शब्दाने शतकानुशतके सांगितले होते, ते अखेर कायद्याला सांगावे लागले.

दुसरा धर्म याहूनही सरळ आहे. गर्भ धारण करते ती स्त्री. ज्या स्थानाला तिच्या देहातील अवयवाचे नाव दिले, तेथेच अनेक ठिकाणी तिला मज्जाव होता. ज्या शक्तीमुळे मनुष्यमात्र जगात येते तिचा गौरव दगडात करावयाचा आणि तिच्या जिवंत रूपाला उंबऱ्याबाहेर थांबवावयाचे, यातील विसंगती डोळ्यांआड करता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच १९५६ च्या कायद्याचा आधार घेऊन मंदिरप्रवेश हा स्त्रियांचा हक्क असल्याचे स्पष्ट केले आणि राज्य शासनाने त्याच्या अंमलबजावणीची हमी दिली. काही श्रद्धाळू मनांना तो बदल रुचला नाही. त्यांची देवावरील निष्ठा खोटी नव्हती. परंतु निष्ठा ज्या शब्दाभोवती उभी आहे त्या शब्दाचा अर्थ त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचविला नव्हता, असेच म्हणावे लागते.

मर्यादा आणि मज्जाव

येथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. गाभारा लहान असतो. लाखो भाविकांना आत सोडणे शक्य नाही. श्वास, दिव्यांची धग, पंचामृत, लक्षावधी हातांचा स्पर्श यांनी पाषाणमूर्तीही झिजते. मातेच्या उदरालाही कवच असतेच. सर्वांना मोकळी वाट हा गर्भाचा धर्म कसा म्हणावा?

या आक्षेपाचे उत्तर मर्यादा आणि मज्जाव यांतील भेदात आहे. मूर्तीचे रक्षण, स्वच्छता, गर्दीतील सुरक्षितता या कारणांनी जी बंधने येतात ती मर्यादा होय. तिची ओळख अशी की, ती सर्वांना सारखी लागू पडते आणि तिचे कारण मोकळेपणाने सांगता येते. पंढरपूरच्या मंदिरात २०२४ साली जतनाच्या कामासाठी पदस्पर्शदर्शन काही आठवडे बंद ठेवावे लागले आणि मुखदर्शनावर भागवावे लागले. वारकऱ्याला विठोबाच्या चरणांवर माथा टेकण्याची ओढ किती असते हे सर्वश्रुत आहे. तरीही तो नियम लोकांनी स्वीकारला, कारण तो एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा असा नव्हता. याउलट ज्या बंधनाचे कारण माणसाचा जन्म किंवा त्याची ऐपत एवढेच असते, तो मज्जाव होय. त्याला परंपरेचे वस्त्र नेसविले तरी त्याचे स्वरूप बदलत नाही.

मग पुजारी आत कोणत्या नात्याने जातात? या प्रश्नाचे उत्तर बाळंतिणीच्या खोलीतच सापडते. तेथे घरातील कर्ता पुरुषही बाहेर थांबतो आणि सुईण आत जाते. ती आत जाते म्हणून ती घराची मालकीण होत नाही. ती सेवेसाठी जाते, हात स्वच्छ करून जाते आणि काम झाले की बाजूला होते. गाभाऱ्यात जाणाऱ्याचा अधिकार हा असा सुईणीचा अधिकार आहे. पुजाऱ्यांचे सोवळे, त्यांची वेळेची शिस्त, त्यांचे उपवास यांचा अर्थ या दृष्टीने पाहिला तर आदर वाढतो. त्या अधिकाराचा अहंकार झाला तर मात्र त्याचा आधारच नाहीसा होतो.

दान आणि जवळीक

तिसरा धर्म दानशूर भक्तांच्या विचारासाठी आहे. देवस्थानचे अन्नछत्र, भक्तनिवास, पाण्याची व स्वच्छतेची सोय, वृद्धांसाठी बसण्याची व्यवस्था हे सर्व देणगीवर चालते. देणाऱ्याचा हात आखडला तर उत्सव थांबतील आणि परगावच्या गरीब यात्रेकरूच्या ताटात प्रसाद पडणार नाही. म्हणून दानाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, दानाच्या बदल्यात काय मिळते?

रांगेतील काही तास वाचविणारी निराळी व्यवस्था अनेक देवस्थानांत असते. वृद्ध, आजारी, अपंग, तान्ह्या बाळाची आई यांच्यासाठी ती असणे हे दयेचे लक्षण आहे. पैशाच्या बळावर ती घेणाऱ्याने मात्र एवढे मनाशी जाणावे की, वाचला तो वेळ; वाढली ती जवळीक नव्हे. मातेच्या उदरात अधिक आतली जागा विकत घेता येत नाही. ज्या देवस्थानाचे उत्पन्न अशा व्यवस्थेवर अवलंबून असते, त्याच्या व्यवस्थापनानेही हा प्रश्न वेळोवेळी स्वतःला विचारला पाहिजे : सोयीची सीमा ओलांडून आपण सन्मानाची विक्री तर करीत नाही ना?

दानाचा आदर्श कोणता, हे गर्भविन्यासाच्या विधीने सांगून ठेवले आहे. देवालयाच्या पोटात जी सर्वांत मोलाची पेटी जाते, ती पुन्हा कोणाला दिसत नाही. तिच्यावर पाटी लागत नाही. आपल्याकडील गुप्तदानाच्या प्रथेचा अर्थ हाच आहे. घारापुरीचे भव्य लेणे कोणी कोरविले, हे निर्विवादपणे सांगणारा शिलालेख आज उपलब्ध नाही. तेथील शिवलिंगाच्या गाभाऱ्याला चारही दिशांनी दारे असून प्रत्येक दाराशी भव्य द्वारपाल उभे आहेत. करविणाऱ्याचे नाव काळाने पुसले. त्याने उघडी ठेवलेली चार दारे उरली. पायरीवर किंवा भिंतीवर नाव कोरून घेणे यात पाप नाही; मागे राहिलेल्या वंशजांना त्याचा आनंदही होतो. पण ज्या दाराने अनोळखी माणूस आत येऊ शकला, ते दार हीच दात्याची अधिक टिकणारी खूण होय.

बाहेर येण्यासाठीचे स्थान

गर्भाचा अखेरचा धर्म सर्वांत महत्त्वाचा असून तो सहसा लक्षात येत नाही. गर्भ हे कायम राहण्याचे ठिकाण नव्हे. तेथील वास्तव्याचे सार्थक बाहेर येण्यात असते. म्हणून गाभाऱ्यापाशी किती वेळ उभे राहायला मिळाले, यावरून यात्रा सफळ झाली की नाही हे ठरत नाही. मनुष्य तेथून कसा बाहेर आला, यावरून ते ठरते. आत जाताना जो राग मनात होता तो बाहेर येताना थोडा निवळला का? भावाशी तुटलेले बोलणे पुन्हा सुरू करावे असे वाटले का? घरी परतल्यावर म्हाताऱ्या आईवडिलांपाशी दोन घटका अधिक बसणे होईल का? नवा जन्म याहून निराळा नसतो.

वारकरी परंपरेला हे फार पूर्वी उमगले होते. आषाढीच्या गर्दीत ज्यांना आत जाणे जमत नाही असे असंख्य वारकरी दुरून मंदिराच्या कळसाला हात जोडतात आणि वारी पावली असे मानून समाधानाने गावाकडे वळतात. संत नामदेवांनी तर, परंपरा सांगते त्याप्रमाणे, देवाजवळची जागा मागितली ती गाभाऱ्यातील नव्हे. येणाऱ्याजाणाऱ्या भक्तांची पायधूळ लागावी म्हणून त्यांनी महाद्वारातील पायरी मागितली. नामदेवांची पायरी आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी यांना वंदन करून मग विठ्ठलाकडे जाण्याची वारकऱ्यांची रीत आहे. ज्याला आत जागा नाकारली तो आणि ज्याने आतली जागा मागितली नाही तो, दोघेही आता सर्वांच्या वाटेवर आहेत.

देवदर्शन आटोपल्यावर क्षणभर पायरीवर टेकण्याची आपल्याकडे रीत आहे. बहुतेक जण ती सवयीने पाळतात. गाभाऱ्यातील काळोखाला सरावलेले डोळे त्या क्षणी उजेडाला पुन्हा सरावत असतात आणि प्रथम दिसतात ती रांगेत अजून उभी असलेली माणसे : थकलेली, घामाने डबडबलेली, आशेने पुढे पाहणारी. त्या माणसांकडे पाहून मनात आपलेपणा दाटला, कडेवर मूल घेऊन उभ्या असलेल्या एखाद्या माउलीला बसायला जागा करून द्यावी असे वाटले, तर दर्शन घडले असे समजावे. मग ते गाभाऱ्यातून घडले की कळसाकडे पाहून, याने काही अंतर पडत नाही.

॥ शुभं भवतु ॥